झोलाचे पडदे : चित्र नव्हे, खिडकी पाहून नमुना ठरवा

ईद, दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी घर सजवण्याची कामे निघतात. मग पडदे शिवणाऱ्याच्या हातात गिऱ्हाईक एखादे चित्र देते आणि म्हणते, "आम्हाला असेच पाहिजे." चित्रात खिडकीच्या माथ्यावर कापडाचे अर्धगोल झोल असतात व दोन्ही बाजूंना चुण्यांच्या लोंबत्या पट्ट्या. झोलाला धंद्यात स्वॅग म्हणतात आणि पट्टीला टेल. या कामाला साध्या पडद्यापेक्षा मजुरी जास्त मिळते. परंतु एक झोल चुकीचा कापला गेला तर त्या कापडाच्या भरपाईत ती मजुरी जाते. म्हणून कारागीर व दुकानदार बांधवांनी नमुना चित्रावरून न ठरवता खिडकी व कापड पाहून ठरवावा, असे आम्ही सुचवतो.

प्रथम खिडकी पाहावी. झोल वरचा उजेड अडवतो. खिडकी बुटकी किंवा खोली अंधारी असेल तर गिऱ्हाइकाला साधी झालर घेण्याचा सल्ला द्यावा. आत उघडणारी झडप झोलात अडकते, हेही तपासावे. वर भिंत मोकळी असल्यास पेल्मेटची फळी चौकटीच्या काही इंच वर ठोकावी; मग झोलाचा बराच भाग काचेऐवजी भिंतीवर येतो.

मापाचा ढोबळ नियम असा : झोलाची खोली पडद्याच्या एकूण उंचीच्या पाचव्या ते सहाव्या भागाइतकी ठेवावी. बाजूच्या पट्ट्या उंचीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत येऊ द्याव्यात. समजा, फळी ७२ इंच रुंद आहे आणि तेथून जमीन ८४ इंच खाली आहे. मग झोल १४ ते १७ इंच खोल व पट्ट्या २८ ते ४२ इंच लांब शोभतील. ७२ इंचांचा एकच झोल ओढल्यासारखा दिसतो. त्याऐवजी ४० इंचांचे दोन झोल करून मध्ये ८ इंच एकमेकांवर चढवावेत.

कापडाची परीक्षा सोपी आहे. ताग्याचे टोक दोन हातांत सैल धरावे. मधला भाग गोल घड्यांनी खाली आला तर कापड चालेल. तंबूसारखा ताठ राहिला तर चालणार नाही. मऊ रेशीम किंवा सुरतेचे मऊ पॉलिएस्टर चांगले पडते. जाड मखमलीच्या चुण्या मात्र फुगतात. झोल उरेब कापला की कापड तिरपे ताणले जाते व गोलाई येते. पण त्यामुळे उभ्या रेघा आणि उभी फुले तिरकी दिसतात. तेव्हा साधे किंवा बारीक, सर्वत्र सारख्या नक्षीचे कापड सुचवावे. उरेब कापात कापड जास्त लागते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

पट्ट्यांची उलटी बाजू दिसते, म्हणून त्यांना रंगाला साजेसे अस्तर हवेच. रेशीम उन्हात विरते, तेथेही अस्तर उपयोगी पडते. सुती कापड व अस्तर आधी धुऊन घ्यावे. नंतर आटले तर घड्या बिघडतात.

किमती कापडाला कात्री लावण्यापूर्वी फळीच्या दोन खिळ्यांवरून बारीक साखळी सोडून खालच्या कडेचे माप घ्यावे. ४० इंच रुंद व १६ इंच खोल झोलाची ही कड ५० इंचांहून अधिक भरते. मग स्वस्त मांजरपाटाचा नमुना कापून टाचण्यांनी लावावा आणि गिऱ्हाइकाला दाखवावा. त्याने मान्य केल्यावर तोच फर्मा पुढे वापरावा.

झोलात धूळ साठते. म्हणून तो फळीला कायमचा न ठोकता वेल्क्रोच्या पट्टीने लावावा, म्हणजे धुण्यासाठी काढता येतो.

शेवटी हिशेब. कापड, अस्तर, गोंडे, फळी, शिलाई व बसवण्याची मजुरी यांचे आकडे वेगवेगळे लिहून द्यावेत आणि कापडापुरती रक्कम आगाऊ घ्यावी. तयार पडदे आज मोबाइलवर घरपोच मिळतात; पण ते त्या विशिष्ट खिडकीच्या मापाचे नसतात. बरोबर माप आणि खरा सल्ला याच आपल्या कारागिराच्या जमेच्या बाजू आहेत, आणि त्यांची मजुरी मागण्यात संकोच नसावा.