मंडळीचा सूर आणि जुना रसिक

नाटक संपून पहाटे घरी परतणारा प्रेक्षक दोन प्रकारचा असतो. एकाच्या ओठांवर नुकतेच ऐकलेले पद घोळत असते. दुसरा खाली मान घालून चालत असतो, आणि कोणी फारच छेडले तर एवढेच म्हणतो, 'पूर्वीची मजा राहिली नाही.' या दुसऱ्या प्रेक्षकाची आजवर थट्टाच फार झाली. काळाबरोबर न चालणारा, हट्टी, कानाने म्हातारा झालेला अशी त्याची संभावना होते. परंतु त्याचे गाऱ्हाणे थोडे धीराने ऐकून घेतले, तर आवडत्या मंडळीच्या गाण्यात नेमके काय पालटले हे जितके त्याच्याकडून कळते, तितके टाळ्या देणाऱ्यांकडून कळत नाही.

असा एक रसिक कल्पावा. १८८० साली तो पुण्यास पंधरा-सोळा वर्षांचा विद्यार्थी आहे. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. चारच अंकांचा, परंतु त्याने मराठी नाटकाची दिशा ठरवून टाकली. त्या रात्री ज्याच्या कानात जो सूर बसला, तो पुढे जन्मभर तेथून हलला नाही. नाटक म्हणजे काय व गाणे म्हणजे काय, याचे त्याचे माप त्या रात्रीचेच.

त्या गाण्याचे स्वरूप आज सांगावे लागते, कारण ते ऐकण्याची सवय मोडली आहे. 'शाकुंतला'त दोनशेच्या आसपास पदे होती. त्यांत साक्या होत्या, दिंड्या होत्या, अंजनीगीते, कामदा होत्या. कीर्तनातून आलेल्या, लावणीतून आलेल्या, कर्नाटकातून आलेल्या चाली होत्या. किर्लोस्कर मूळचे गुर्लहोसूरचे, म्हणून कानडी चालींचा त्यांचा कान तयार होता. दिंडीच्या चरणात १९ मात्रा असतात आणि नवव्या मात्रेवर क्षणभर विसावा असतो. एवढ्या लहान जागेत गायकाला आपली विद्या दाखविण्यास वाव नाही. अक्षरामागून अक्षर, त्याला लागून एखादा स्वर, चरण संपला की पुढचा चरण. म्हणजे पात्र गात असतानाही बोलतच असे. दुष्यंत काय म्हणाला, शकुंतलेने काय उत्तर दिले, हे पदातूनच कळे. पद ऐकले नाही तर कथेचा धागा सुटे. आणि घरी गेल्यावर ती साकी कोणालाही म्हणता येई. त्यासाठी उस्तादाकडे गंडा बांधण्याची आवश्यकता नव्हती.

खरे पाहता हे गाणेही नवेच होते. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेव्हापासून नाटकातील पदे म्हणण्याचे काम सूत्रधाराचे होते. पात्रांनी प्रसंगानुसार बोलावे आणि सूत्रधाराने त्यांच्या वतीने गावे. किर्लोस्करांनी पात्रांच्याच तोंडी पदे घातली. सूत्रधाराच्या गाण्यावर वाढलेल्या एखाद्या वृद्धाला, सासरी निघालेली शकुंतला हुंदके आवरून स्वतःच गाते आहे, हे चमत्कारिक वाटले असल्यास नवल नाही. आपल्या या विद्यार्थ्याला मात्र ते मुळीच चमत्कारिक वाटले नाही. त्याला तेच स्वाभाविक होते.

दोन वर्षांनी, १८८२ साली, 'सौभद्र' आले आणि त्याच वर्षी बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले. ध्वनिवर्धकाचे नाव नसलेल्या त्या काळात त्यांचा उंच, धारदार आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाई. शकुंतला, सुभद्रा आणि पुढे पुरुषभूमिका, १८९९ च्या 'शारदे'तील कोदंडापर्यंत, सर्व काही त्या एका गळ्यावर तोलून धरलेले होते. किर्लोस्कर मंडळीचा सूर म्हणजे काय, असे विचारले असते तर आपल्या रसिकाने चालींची नावे सांगितली नसती. त्याने 'भाऊराव' एवढेच उत्तर दिले असते. १९०१ च्या फेब्रुवारीत भाऊराव वारले. मंडळी चालू राहिली, नाटके तीच राहिली, पदांची पुस्तके तीच राहिली, आणि तरीही त्याच्या लेखी तिचे एक युग त्या दिवशी संपले. मंडळी ही संस्था असते खरी. परंतु ऐकणाऱ्याचा जीव जडतो तो संस्थेवर नव्हे.

त्याच्या आधीच पहिली ठिणगी पडली होती. १८९६ साली श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'वीरतनय' किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले आणि त्यात पारशी व उर्दू नाटकांच्या धाटणीच्या चाली आल्या. त्या चटकदार होत्या, तरुणांच्या तोंडी चटकन बसल्या; जुन्यांनी नाके मुरडली. पण हा वाद चवीचा होता. गाण्याचा आकार अजून लहानच होता, शब्द अजून ऐकू येत होते. खरा पालट पुढेच होता.

१९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, मंडळीत आले. भाऊरावांनंतर ओस पडलेली जागा भरून निघाली आणि आपल्या रसिकाची, आता चाळिशीतल्या, समजूत काही काळ पटली. मग १२ मार्च १९११ रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात खाडिलकरांचे 'मानापमान' झाले. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. टेंबे पेटीवादनात निष्णात, आणि उत्तरेकडील पूरब अंगाची ठुमरी, दादरा, कजरी यांनी त्यांचे कान भरलेले. तो नखरा, ती लचक त्यांनी मराठी शब्दांवर चढविली. पदांची संख्या पन्नासच्या आसपास आली. त्या पन्नासांवर महाराष्ट्र वेडा झाला, हे सर्वश्रुतच आहे.

१९१३ साली बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस हे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले व गंधर्व नाटक मंडळी निघाली. थोड्याच काळात टेंबे तीही सोडून गेले. १० डिसेंबर १९१६ रोजी याच मंडळीने 'स्वयंवर' केले, आणि त्याच्या चाली दिल्या भास्करबुवा बखल्यांनी.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. भास्करबुवा लहानपणी किर्लोस्कर मंडळीतच होते. 'रामराज्यवियोगा'त त्यांनी कैकेयीचे काम केले होते. वयात येताना आवाज फुटला आणि मंडळी सुटली. मग बडोद्याचे फैज महंमदखाँ, आग्रा घराण्याचे नत्थनखाँ, पुढे अल्लादियाखाँ अशा थोर उस्तादांच्या पायाशी बसून त्यांनी ख्यालाची विद्या मिळविली. ज्या परंपरेने त्यांना मुलगा असताना सोडले होते, तिच्याच घरात तीस-एक वर्षांनी ते ख्याल घेऊन आले. साकी-दिंडीचा त्यांना तिरस्कार होता असे नव्हे. त्यांच्याजवळ द्यावयास आता त्याहून मोठे काही होते आणि समोर ते घेणारा, पेलणारा गळा होता.

'स्वयंवरा'त पदे साठाच्या आत आहेत. रात्र मात्र पूर्वीइतकीच लांब. दोनशे पदांची जागा साठांनी भरावयाची, तर प्रत्येक पद किती विस्तारणार याचा हिशेब सोपा आहे. हा केवळ वेळेचा प्रश्न नव्हे. ख्यालाच्या वळणाच्या पदात मुखडा फिरून फिरून समेवर येतो. मधल्या आवर्तनांत गायक रागाची एकेक वाट उघडून दाखवितो; कधी आलाप, कधी बोल निरनिराळ्या वजनांनी फिरविणे, कधी तान. शब्द तेच राहतात आणि स्वर वाढत जातात. श्रोत्याचे लक्ष 'पुढे काय झाले' याकडून 'आता समेवर कसे येतात' याकडे वळते. भीमपलास किंवा यमन डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि रुक्मिणी तितका वेळ एका भावनेत स्थिर उभी असते. त्यात 'वन्स मोअर'ची आरोळी उठली की कथा पुनः थांबली. पुढे सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला अहमदजान तिरखवाँ आल्यावर तर कानाला नाटक कोणते आणि मैफल कोणती हे सांगणे कठीण झाले.

आता आपल्या रसिकाचे गाऱ्हाणे ऐकावे. तो म्हणतो, शब्द कळत नाहीत. तो म्हणतो, नाटकाचे तिकीट काढून गाण्याचा जलसा का ऐकावा? तो म्हणतो, हे पद घरी कोणाला म्हणता येईल? तिन्ही आक्षेप एकाच ठिकाणी जाऊन पोचतात. पद हे पूर्वी कथेचे वाहन होते. ते आता स्वतःच मुक्कामाचे ठिकाण झाले. म्हाताऱ्याचा कान बहिरट झाला नव्हता. जे गेले ते त्याने अचूक ओळखले होते. त्याला 'नव्याचा वैरी' म्हणणाऱ्यांनी त्याचे ऐकलेच नाही, असे म्हणणे भाग आहे.

जे मिळाले ते मात्र त्याने तोलले नाही. त्या काळी ख्याल ऐकावयाचा तर संस्थानिकाचा दरबार, सरदाराचा वाडा, नाहीतर कलावंतिणीची बैठक. मध्यम स्थितीतील कारकून किंवा शाळामास्तर तेथे कोठून पोचणार, आणि त्याची बायको तर कधीच पोचणार नाही. पुण्यात १९११ साली भास्करबुवांनी गायन समाज काढला, पण शिकावयास जाणारे किती? नाटकाचे तिकीट मात्र सर्वांना खुले होते. 'स्वयंवर' चार वेळा पाहणाऱ्या माणसाला राग म्हणजे काय हे कोणी समजावून सांगितले नाही. तो बागेश्री ऐकला की ओळखू लागला, एवढेच. महाराष्ट्रात सामान्य घरातील माणूस रागदारी ऐकण्यास धीटपणे बसतो, त्याचे मोठे श्रेय या पदांना आहे. ज्याला म्हाताऱ्याने नाटकाची हानी म्हटले, त्याच वाटेने गाण्याची ही मिळकत घरात आली. दोन्ही खरे आहे, आणि एकाने दुसरे फिटत नाही.

चाहत्याच्या रागाचा आणखी एक मासला दीनानाथ मंगेशकरांच्या वाट्यास आला. 'मानापमाना'तील धैर्यधराच्या पदांना त्यांनी आपल्या तेजस्वी, पल्लेदार गळ्याला साजेशा चाली दिल्या. शब्द तेच, भूमिका तीच, चाल मात्र दुसरी! टेंब्यांच्या चालींवर प्रेम करणाऱ्यांना हा देवाची मूर्ती हलविण्याइतका अपराध वाटणे साहजिक होते. पुढील पिढ्यांनी त्यांपैकी काही पदे दीनानाथांच्याच चालीत ऐकली आणि तीच मूळची समजून चालल्या.

या तक्रारीला ध्वनिमुद्रिकेने नवी धार आणली. तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. ज्याने ते घरी शंभर वेळा लावले, त्याच्या कानात तानेचा प्रत्येक वळसा पक्का झाला. बालगंधर्व तर तेच पद दोन रात्री सारखे गात नसत; आज एक जागा घेतली, उद्या दुसरी. पूर्वीच्या रसिकाला ही श्रीमंती वाटली असती. तबकडीवर वाढलेल्याला 'ती जागा आज आलीच नाही' म्हणून चुटपुट लागू लागली. मंडळीचा सूर मुळीच बदललेला नसतानाही तो बदलल्यासारखा वाटण्याची ही नवलाची रीत यंत्राने निर्माण केली.

१९३३ साली नाट्यमन्वंतर या नव्या संस्थेने मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केले. नॉर्वेजियन नाटककार ब्यर्नसन याच्या नाटकाचे हे वर्तकांनी केलेले रूपांतर. संगीत केशवराव भोळ्यांचे. पदे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, लहान, प्रसंगाला धरून; ज्योत्स्नाबाई भोळे ती गात तेव्हा शब्दन्‌शब्द स्पष्ट कळे. 'स्वयंवरा'वर वाढलेल्या प्रेक्षकांची आता गप्प राहण्याची पाळी आली. तान कोठे आहे, राग कोठे आहे, हे कसले गाणे, असे तेही म्हणू लागले. १९१६ साली ते तरुण होते, जुन्यांना हसत होते.

आणि आपला मूळचा रसिक? तो अडुसष्ट वर्षांचा झाला असता. मुलाकडे मुंबईस राहावयास आला आहे आणि नातवाने आग्रहाने त्याला नाटकास नेले आहे, अशी कल्पना करावी. त्याने जे जे मागितले होते ते सर्व समोर आहे. गाणे आटोपशीर आहे, कथेला अडवीत नाही, शब्द ऐकू येतात, घरी गेल्यावर म्हणता येईल असे आहे. वाटेत नातू विचारतो, 'आजोबा, आता तरी आवडले ना?' म्हातारा चांगले म्हणतो, मनापासून म्हणतो. मग ट्राममध्ये बसल्यावर खिडकीबाहेर पाहत, स्वतःलाच ऐकू येईल इतक्या हलक्या आवाजात, भाऊरावांच्या वेळची 'सौभद्रा'तील एक साकी म्हणू लागतो.