नोंद करणाऱ्यांची साठ वर्षं

उल्हासनगर कॅम्प ५ मधला रुग्ण कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबईत परळला गेला, की केस पेपरवर कधी बॅरेक नंबर येतो, कधी मुंबईतल्या नातेवाइकाचा पत्ता. औषधोपचार त्यानं अडत नाहीत. कर्करोग नोंदणी मात्र अडते. किमान वर्षभर हद्दीत राहणाऱ्यालाच त्या भागाच्या आकड्यात धरतात. पत्ता चुकला तर कॅम्पातला आजार मुंबईच्या नावावर चढतो. हा पत्ता खोदून विचारून पक्का करणारा रेकॉर्ड विभागाचा कर्मचारी संशोधनात किती सामील झाला, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

सुरुवात १९६३ ची. डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकारानं इंडियन कॅन्सर सोसायटीनं मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. नोंदणीची माणसं रुग्णालयं पालथी घालत, पालिकेच्या मृत्यूनोंदी ताडून बघत आणि एकच रुग्ण दोनदा मोजला गेला असेल तर वगळत. १९८१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) कर्करोग नोंदणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला, तेव्हा मुंबईचा हा अनुभव हाताशी होता.

१९८७ मध्ये बार्शीत ग्रामीण नोंदणी सुरू झाली आणि कामाचं रूपच पालटलं. खेड्यातला रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नसे, मग कागद कुठून येणार? कर्मचारी गावोगाव गेले, लक्षणं समजावून सांगू लागले, संशयितांना तपासणीसाठी पाठवू लागले. पुढं गर्भाशयमुखाचा कर्करोग तिथं आधीच्या टप्प्यावर सापडू लागला. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेनं याच वाटेनं मोठी मजल मारली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा अभ्यास गावातच ठेवलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवर उभा होता.

शहरी रुग्णालयांत मात्र उलटं घडलं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी आंतररुग्णांचे कागद तीन वर्षं जपणं आणि मागितल्यास ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक केलं. २०२१ मध्ये चौदा अंकी आरोग्य ओळख क्रमांक आला, तोच आजचा ‘आभा’. जपणूक आणि जोडणी सुधारली, पण संशोधनात रेकॉर्डवाल्याच्या वाट्याला बहुधा एवढंच येतं: ‘अमुक वर्षांचे पेपर काढून द्या.’ फॉर्ममध्ये कोणते रकाने हवेत, हे त्याला कुणी विचारत नाही.

कॅम्प ५ मध्ये हे विचारायला हवं. इथं सिंधी वस्ती मोठी आणि सिंधी समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचं प्रमाण जास्त आहे. वाहकाला सहसा त्रास होत नाही, पण आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के. एकाच घरातले कागद वेगवेगळ्या दवाखान्यांत, आडनावाचं स्पेलिंग दरवेळी निराळं. ते घर कागदावर एकत्र कसं आणायचं, हे खिडकीपलीकडे रोज नावं लिहिणारा जाणतो. अभ्यासाचा आराखडा ठरतानाच त्याला बैठकीला बोलवा आणि निबंधावर त्याचं नावही घाला.