काळ्या पाच पट्ट्या

नांदेड-लातूरकडच्या बहुतेक गावांत देवळात, विहारात किंवा एखाद्या भजनी मंडळाच्या खोलीत पेटी असतेच. ती हाती लागली, तर पांढऱ्या पट्ट्या विसरून जा. फक्त काळ्या वाजवा. काळी तीनला सा माना आणि वर चढा: काळी चार, काळी पाच, मग वरची काळी एक, काळी दोन. हा भूप. 'अमर भूपाळी' (1951) चित्रपटातली वसंत देसाईंची 'घनश्याम सुंदरा' ही चाल भूपाच्याच अंगाने जाते, त्यामुळे हे सूर कान लगेच ओळखतो.

आता पट्ट्या त्याच ठेवा आणि सा तेवढा काळी पाचवर न्या. मालकंस! भूपाळीची सकाळ ज्या सुरांनी उजाडली, त्याच सुरांतून मध्यरात्र निघाली. काळी एकला सा धरला तर दुर्गा, काळी दोनला धानी, काळी चारला मधमाद सारंग. पट्ट्या पाच आणि रागही पाच. जुन्या शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात. (नुसते सूर म्हणजे राग नव्हे, चलन, ठहराव, वर्ज्य-वक्र हे सगळं बाकी उरतंच. कुणी गवई हे वाचत असतील तर त्यांनी एवढी सूट द्यावी.) म्हणजे सुराला स्वतःचं असं नाव नसतंच. सा कुठे बसला त्यावरून बाकीच्यांची नावं ठरतात.

चाल म्हणजे एकामागून एक येणारे सूर, आणि कॉर्ड म्हणजे तीनेक सूर एकदम. साधा नियम असा की एक सूर घ्यायचा, पुढचा सोडायचा, त्यापुढचा घ्यायचा. सा-ग-प झाली मेजर कॉर्ड; त्यातला ग कोमल केला की मायनर. कॅसिओवाला डाव्या हाताने दाबून धरतो ते हेच.

मग भूपात अशा किती कॉर्ड बसतात? मोजून पाहा. भूपात म आणि नी नाहीत, त्यामुळे रे-म-ध गेली, ग-प-नी गेली, म-ध-सां, प-नी-रें आणि नी-रें-मं याही गेल्या. उरल्या दोनच: सा-ग-प ही मेजर आणि ध-सां-गं ही मायनर. कॅसिओवर हौसेने म-ध-सां दाबली, म्हणजे काळी तीनच्या सा-ला पांढरी सात, काळी दोन आणि काळी तीन, तर ऐकायला ती वाईट लागत नाही. पण गायकाने जो मध्यम कटाक्षाने टाळला, तो वादकाने मागच्या दाराने आत घेतला. मला ते खटकतं.

मालकंसात तर आणखी गंमत. पट्ट्या त्याच, म्हणून त्याच दोन कॉर्ड शिल्लक राहतात, पण आता त्यांतली एकही सा-वर उभी नाही. सा-वर कॉर्ड उभी करायला पंचम हवा, तो पांढरी चारवर, आणि मालकंसाला पंचम वर्ज्य. मालकंसाला कॉर्ड लावताना वादकाचा हात अडखळतो, तो उगाच नाही.

म्हणून कॉर्ड ही परकी वस्तू म्हणायची का? तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेला कान लावून बघा. तार सबंध हलते, त्याच वेळी तिचे दोन, तीन, चार, पाच, सहा भागही आपापले हलत असतात. चौथ्या भागातून सा, पाचव्यातून ग, सहाव्यातून प. त्या तारेवर गंधार कुणी लावलेला नसतो, तरी ऐकू येतो. म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. एका तारेत अख्खी सा-ग-प दडलेली! पेटीचा गंधार मात्र त्याहून जरा चढा असतो. लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे 100 भाग केले, तर सुमारे 14 भागांनी. असल्याच कारणांनी 1940पासून तीसेक वर्षं आकाशवाणीने पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं.

राहिला कागद, म्हणजे सूर लिहून ठेवणं. नांदेडला 1708मध्ये ज्या ग्रंथाला गुरुपद मिळालं, त्या गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत आणि पदांच्या माथ्यावर रागाचं नाव आहे. सूर लिहिलेले नाहीत. ते गळ्यातून गळ्यात गेले. भातखंड्यांनी (1860–1936) 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत सूर कागदावर आणले: कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, ताराला वर. पाश्चात्त्य पाच रेघांची पद्धत याच्याही पुढे जाते. प्रत्येक सुराची उंची, लांबी, जोर, सगळं त्यात येतं. 'सैराट'चं (2016) संगीत अजय-अतुलनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत वाद्यवृंदाकडून ध्वनिमुद्रित करून घेतलं. मराठी भाषेशी ज्यांचा संबंध नाही, अशी माणसं समोरचा कागद वाचून वाजवत होती.

आपल्याकडच्या गायन पार्टीच्या वहीतून त्यांना एक ओळही वाजवता आली नसती. त्या वहीत शब्द असतात, त्यांच्या डोक्यावर सा-रे-ग, फार तर कॉर्डचं नाव. मींड, हरकत, थांबा यातलं काही नाही. ती वाचायला गाणं आधीच कानात असावं लागतं. पण जयंतीच्या कार्यक्रमात गायकाचा आवाज बसला आणि त्याने ऐनवेळी "काळी दोन नको, पांढरी एक घ्या" म्हटलं, तर वहीतल्या सा-रे-गचं एक अक्षरही खोडावं लागत नाही. पाच रेघांवरचा एकूण एक ठिपका मात्र जागचा हलवावा लागला असता.