दारी आलेली विद्यापीठे आणि विद्यार्थ्याची ऐपत

ज्ञानाला सीमा नसतात, असे आपण म्हणतो. त्याच्या शुल्काला मात्र राष्ट्रीयत्व असते. परदेशी विद्यार्थ्यांकडून शिक्षणाचा संपूर्ण खर्च वसूल करण्याचे ब्रिटनने १९७९ साली ठरविले. तेव्हापासून हा विद्यार्थी तेथे पाहुणा राहिला नाही. तो विद्यापीठांच्या उत्पन्नाचे साधन झाला. या व्यवहारातील जोखीम कोणाची, हे कॅनडाने दाखवून दिले. घरटंचाईचे कारण देऊन तेथील सरकारने जानेवारी २०२४ मध्ये नव्या शिक्षण-परवान्यांत सुमारे ३५ टक्के कपात जाहीर केली. सरकारी धोरण एका दिवसात बदलते. घर गहाण टाकून काढलेले कर्ज तसे फिरविता येत नाही.

आता विद्यापीठेच आपल्या दारी येत आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार साउदॅम्प्टन विद्यापीठाची शाखा २०२५ मध्ये गुरुग्रामला सुरू झाली. परदेशवारीचा खर्च यामुळे वाचेल, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि शुल्क ठरविण्याचा अधिकार या विनियमांनी विद्यापीठांकडेच सोपविला आहे. ते वाजवी असावे, असे म्हटले आहे. पण वाजवी कोणाच्या मिळकतीच्या मानाने? शिष्यवृत्त्या देणेही ऐच्छिकच आहे.

अर्थशास्त्रात ऐपतीवाचून असलेल्या गरजेला मागणी म्हणत नाहीत. शिक्षणाला हाच न्याय लावला, तर कारकुनाची हुशार मुलगी बाजाराच्या हिशेबात उरतच नाही. म्हणून अशा प्रत्येक शाखेत गरजू विद्यार्थ्यांसाठी काही जागा शिष्यवृत्तीसह राखून ठेवणे बंधनकारक केले पाहिजे. एरवी विद्यापीठ जवळ येईल आणि विद्यार्थी होता तेथेच राहील.