सलाईनचे माप

‘सलाईन लावले की ताकद येते’ हा समज आपल्याकडे सर्वत्र आहे, तसा सुरगाण्याच्या पाड्यांवरही आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेत मात्र सलाईन म्हणजे औषधच. त्याला मात्रा असते.

आतड्याला पीळ पडलेला रुग्ण पाड्यावरून निघून घाटरस्त्याने नाशिकला पोहोचतो, तेव्हा तो आतून कोरडा झालेला असतो. उलट्यांतून पाणी जाते, फुगलेल्या आतड्यातही साचते. ही तूट भूल देण्याआधीच भरून काढायला सुरुवात करावी लागते.

भूल दिल्यावर प्रश्न बदलतो. औषधाने रक्तवाहिन्या सैलावतात. तेवढेच रक्त रुंद झालेल्या वाहिन्यांना अपुरे पडते आणि दाब उतरतो. इथे बाटल्या वाढवून भागत नाही. नॉरएड्रेनालिनसारखे वाहिन्या आवळणारे औषध लागते. भूलतज्ज्ञ पाहतात तो सरासरी दाब: खालच्या आकड्याची दुप्पट अधिक वरचा आकडा, भागिले तीन. ९०/५० म्हणजे सुमारे ६३. तो ६५ च्या खाली फार वेळ राहिला, तर मूत्रपिंड आणि हृदयाला इजा होऊ शकते.

मग पाणी किती द्यावे? २००३ मध्ये डेन्मार्कमधील अभ्यासात मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत हात राखून पाणी दिलेल्यांत गुंतागुंत कमी दिसली: ५१ ऐवजी ३३ टक्के. जगभर हात आखडला गेला. २०१८ मध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांच्या सुमारे ३,००० रुग्णांचा अभ्यास आला. त्यात कमी पाणी मिळालेल्या गटात ८.६ टक्के रुग्णांच्या मूत्रपिंडाला इजा झाली, सढळ गटात ५ टक्के. अतिरेकाने फुप्फुसे आणि आतड्याचे टाके सुजतात, कंजूषपणाने मूत्रपिंड सुकते. माप या दोन्हींच्या मध्ये आहे.

सुरगाण्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. इथल्या आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो. शरीर कोरडे पडले, गारठले किंवा प्राणवायू कमी झाला, की या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून वाहिन्या तुंबवतात. अशा रुग्णाला आदल्या रात्रीपासून पाण्याविना ठेवणे धोक्याचे. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत साधे पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालते. डॉक्टरांना विचारून घ्यावे.

म्हणून पिशवीत कपड्यांसोबत सिकलसेलचे कार्ड आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे ठेवावीत. उलट्या किती झाल्या, शेवटची लघवी कधी झाली, हेही सांगावे. बाटल्या किती लावायच्या, याचे उत्तर या माहितीपासून सुरू होते.