चौविहार, त्रिफळा आणि मुलांचे दात
संध्याकाळी दुकानात आलेल्या नातवाच्या हातावर आजोबा कौतुकाने लिमलेटची गोळी ठेवतात. गोळी विरघळते, पण तिचा गोडवा दातांच्या फटींत रेंगाळतो. तोंडातील स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हे जंतू त्या साखरेपासून आम्ल तयार करतात, आम्लाने दाताचे कवच झिजते आणि कीड लागते. दिवसातून जितक्या वेळा गोड तोंडात जाते, तितक्या वेळा हा आघात होतो.

या जंतूंना आवर घालणाऱ्या वनस्पतिजन्य गुळण्यांमध्ये हिरडा, बेहडा व आवळा यांच्या त्रिफळा चूर्णाचा विशेष अभ्यास झाला आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ८ ते १२ वर्षांच्या १४३१ विद्यार्थ्यांचे तीन गट करण्यात आले. दातांवरील थर आणि जंतू कमी करण्यात त्रिफळा क्लोरहेक्सिडिन या प्रचलित औषधाच्या तोडीची ठरली. ते औषध दीर्घकाळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात. तथापि जंतू घटले म्हणजे कीड टळलीच, असे नव्हे. फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन वेळा दात घासणे हाच मुख्य उपाय आहे. गुळणी ही केवळ त्याची जोड होय.

बाजारातील काही माउथवॉशमध्ये अल्कोहोल असते. म्हणून वेष्टनावरील घटक अवश्य वाचावेत. घरी करावयाचे झाल्यास चमचाभर चूर्ण पेलाभर गाळलेल्या पाण्यात उकळावे, निवल्यावर वस्त्रगाळ करावे आणि त्याच दिवशी वापरावे. मुले शाळेतून आल्यावर अर्धा मिनिट गुळणी पुरेशी आहे. पेस्टनंतर लगेच गुळणी केल्यास फ्लोराइड धुऊन जाते. सहा वर्षांखालील मुले पाणी गिळतात. त्यांना गुळणी देऊ नये.

झोपेत लाळ कमी स्रवते, त्यामुळे रात्री खाल्लेले गोड दातांना अधिक बाधते. या दृष्टीने चौविहार हे दातांचेही रक्षण आहे. परंतु सूर्यास्तापूर्वीच्या घाईत जेवण उरकून मूल दात न घासताच पच्चक्खाण घेते, तेव्हा अन्नाचे कण रात्रभर तसेच राहतात. म्हणून चौविहाराचे ताट पंधरा मिनिटे आधी वाढावे आणि पच्चक्खाणापूर्वी दात घासून घ्यावेत. आजोबांनीही गोळी जेवणासोबतच द्यावी. कौतुक तेवढेच होईल, आघात मात्र एकाने कमी होईल.