'के' घेतला, पण बोर्ड चुकला

परवा भाचा नवा पीसी घेऊन आला. "मामा, बायोसमध्ये रेशो ४९ च्या वर जातच नाहीये!" बघतो तर प्रोसेसर आय५-१२६००के आणि बोर्ड बी६६०. दुकानदाराने काही सांगितलंच नव्हतं.

प्रोसेसरचा वेग म्हणजे साधा गुणाकार: बेस क्लॉक गुणिले रेशो, म्हणजेच गुणक. १०० मेगाहर्ट्‌झ बेस क्लॉक गुणिले ४९, म्हणजे ४.९ गिगाहर्ट्‌झ. लॉक्ड चिपमध्ये हा गुणक कंपनीच्या मर्यादेपुढे सरकत नाही.

इंटेलच्या नावाशेवटी 'के' असला की कुलूप आहे उघडण्याजोगं, पण किल्ली झेड मालिकेच्या बोर्डाकडे.

एएमडीचे रायझन बहुतेक अनलॉक्ड. तिथे बी मालिकाही चालते. ५८००एक्स३डी मात्र लॉक्ड.

आणि हो, १२६००केच्या खोक्यात कूलर नसतो. ते पैसे वेगळे धरा!

तुमची जोडी कोणती? कमेंटमध्ये टाका, बघून सांगतो.